हजार पत्रकं आणि एक सोंग

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट पत्रक मीच लिहिलं. मजकूर माझा, ठळक अक्षरं माझी, आणि उद्गारचिन्हं मोजून नऊ, तीही माझीच. या अंकाचे संपादक म्हणाले, "कामातले अनुभव लिहा, पण विषय आत्महत्येचा आहे, सणासुदीला वाचकांना जड होईल असं नको." तेव्हा ठरवलं की त्या पत्रकापासूनच सुरुवात करायची. त्याचा शेवट चांगला झाला. म्हणजे पत्रकाचा नव्हे, ते वाचणाऱ्या माणसाच्या गोष्टीचा.

मी जव्हारला मानसिक आरोग्याचं काम करते. आठ वर्षं झाली. ओळखपत्रावर 'समुपदेशक' लिहिलंय, पाड्यांवर मला 'डोक्याची ताय' म्हणतात. सुईची ताय, पोलिओची ताय, तशी मी डोक्याची. काम साधं आहे. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या पाड्यांवर जायचं, लोकांशी बोलायचं, कुणाची झोप उडाली आहे, कोण जेवत नाही, कोण घराबाहेर पडेना ते हेरायचं आणि गरज असेल त्याला आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरबाईंसमोर बसवायचं. आठवड्यातून एकदा! दोन तालुक्यांतल्या माणसांनी आपली दुःखं मंगळवारपर्यंत थोपवून धरावीत अशी सरकारची अपेक्षा असते. यावर मी सहा अर्ज केलेत, सातवा तयार आहे. पण संपादकांनी जड होऊ देऊ नका म्हटलंय, म्हणून अर्ज इथे छापत नाही.

पत्रकांचं वेड घरचं. माझे वडील जंगलजमिनीच्या लढ्यातले. पाटीवर 'अ' गिरवायच्या आधी मी पत्रकांच्या घड्या घालायला शिकले. इतर मुलींना गोष्टी सांगून झोपवायचे, मला मागण्या वाचून दाखवायचे. पत्रक म्हणजे पवित्र गोष्ट. त्याच्यावर बसायचं नाही, त्यात भजी बांधायची नाहीत, आणि फाडायचं तर मुळीच नाही. अजूनही रस्त्यात कुणी पत्रक टाकलेलं दिसलं की मी ते उचलते, मग ते गुडघेदुखीच्या तेलाचं का असेना.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट समजावते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

मंत्रचळ हा शब्द तुम्ही हसण्यासाठी वापरत असाल. "आमच्या हिला स्वच्छतेचा मंत्रचळ आहे," असं कौतुकाने सांगणारे नवरे मला भेटतात आणि मी त्यांच्याशी भांडते. खरा मंत्रचळ, डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात, तो असा असतो: डोक्यात एक नकोसा विचार घुसतो. तो आपला नाही, आपल्याला पटत नाही, त्याची किळस येते, भीती वाटते. तो घालवण्यासाठी माणूस काहीतरी करतो. हात धुतो, कडी तपासतो, एखादी ओळ पुटपुटतो. क्षणभर बरं वाटतं. मग विचार परत येतो, आधीपेक्षा माजलेला. कारण त्याला कळलेलं असतं की हा माणूस आपल्याला घाबरतो.

मला हे पहिल्यांदा नीट शिकवलं ते लहानूने. लहानू जव्हार-मोखाडा जीप चालवतो. तीन वर्षांपूर्वी त्याच्या जीपमध्ये कुणी बसायला तयार नव्हतं. चाक खड्ड्यात आदळलं की त्याला वाटायचं, कुणाला उडवलं. गाडी थांबवून तो उतरायचा, मागे चालत जायचा, खड्ड्यात वाकून बघायचा, गटारात बघायचा, परत यायचा. पुढच्या खड्ड्याला पुन्हा तेच. आणि आमच्या रस्त्यावर खड्ड्यांना काय तोटा! तासाभराच्या वाटेला तीन तास लागायचे. मी एकदा त्या जीपमध्ये होते. माझ्या शेजारी कोंबडी मांडीवर घेतलेली एक म्हातारी होती. चौथ्यांदा गाडी थांबली तशी ती ओरडली, "आरं, तो खड्डाच व्हता रं! मी पाह्यला ना डोल्यांनी. चल आता, उन्हात कोंबडी मरंल माजी, मग तिचा खून तरी खरा लागंल तुला!"

सगळे हसले. लहानूही हसला. पण गाडी सुरू करायच्या आधी त्याने पुन्हा एकदा वळून त्या खड्ड्याकडे पाहिलं. त्याच आठवड्यात तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताय, येक सांगू? कवा कवा इचार येतो, मी माझाच जीव घेतला तं? माला मराचा नाय. बायको आहं, गाडी आहं, काय कमी नाय. तरी इचार येतो आन् घाम फुटतो."

डॉक्टरबाईंनी मला तेव्हा जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. "मरणाचा विचार येतो आणि त्याची भीती वाटते, तर तो विचार बहुधा मंत्रचळाचाच असतो. पण तेवढ्यावर निश्चिंत व्हायचं नाही. रोज लढून माणूस थकतो, आणि थकलेल्याला कधी कधी खरंच मरावंसं वाटायला लागतं. म्हणून भीती वाटते का विचारून झालं की दुसरा प्रश्न विचारायचाच: थकलास का? मरावंसं वाटतं का? काही ठरवलंस का? सरळ विचारायचं. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन खूळ शिरत नाही. उलट ओझं उतरतं."

लहानू थकला नव्हता, वैतागला होता. गोळ्या सुरू झाल्या, आणि सराव सुरू झाला. सराव म्हणजे गाडी खड्ड्यातून न्यायची आणि उतरायचं नाही. घाम फुटू दे, विचार येऊ दे, गाडी पुढे. पहिल्या दिवशी मी शेजारी बसले होते. मोखाड्यापर्यंत तो रडकुंडीला आला होता. दोन-तीन महिन्यांनी तो गाडी चालवता चालवता मलाच चिडवायला लागला, "ताय, मागं पोत्यासारखा कायतरी पडला वाटतां. उतरून बघू का?"

या यशाने मी हवेत गेले ती दोन वर्षं खाली उतरलेच नाही. आता पत्रक काढायलाच हवं! विचारांवर, मनावर, सगळ्या पाड्यांसाठी. एका रविवारी बसून लिहिलं. मथळा: 'मन स्वच्छ ठेवा!' खाली: 'वाईट विचाराला थारा देऊ नका! आला की हाकला!' आणि तळाला ठळक अक्षरांत वडिलांच्या जुन्या पत्रकांतली माझी सगळ्यात लाडकी ओळ: 'आजचा विचार, उद्याची कृती!' डॉक्टरबाईंना दाखवायला मंगळवारपर्यंत थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. पत्रक थांबत नसतं, असं आमच्या घरात म्हणायचे. दोन हजार प्रती छापल्या आणि जव्हारच्या बाजारात निम्म्या वाटून टाकल्या.

महिन्याभराने लहानू केंद्रात आला. "ताय, तुमचा कागद येका घरी भितीला चिकटवलाय. सूर्यमाळच्या वाटंवर पाडा आहं ना, तिथं. नवसू म्हणून आहं, सोंगा बनवतो. दिवसभर त्याचीच पारायणां करतो."

मला किती आनंद झाला, काय सांगू! आठ वर्षांत माझं पत्रक कुणी दुसऱ्यांदा वाचल्याचं मला माहीत नव्हतं. मी लहानूच्या जीपमधून अगदी सत्काराला निघाल्यासारखी निघाले.

सोंगं म्हणजे बोहाड्याचे मुखवटे. बोहाडा आमच्याकडचा मोठा उत्सव. उन्हाळ्याच्या तोंडाला सांबळ-पिपाणीवर एकेक सोंग नाचत बाहेर येतं, देवांची, राक्षसांची, जनावरांची. कुठलं सोंग कोणी नाचवायचं ते घराण्यानुसार ठरलेलं. तो मान असतो. नवसूच्या घराला राक्षसाचा मान. शेवटच्या सकाळी राक्षस देवीशी लढतो, हरतो आणि पडतो. शिवाय मुखवटे बनवायची कला त्याच्या बापाकडून त्याच्याकडे आलेली. कागदाचा लगदा, त्यात डिंक आणि मेथीचं पीठ, मातीच्या साच्यावर थापायचं, वाळलं की सुरीने डोळे कोरायचे आणि रंगवायचं.

घरात गेले तर पत्रक भिंतीवर होतं, भाताच्या पेजेने चिकटवलेलं. तळाच्या ओळीवर बोट फिरून फिरून शाई उडाली होती. त्याच्यासमोर तिशीचा एक माणूस उभा होता, ओठ हलत होते. हा नवसू. पोटमाळ्यावर कोरे मुखवटे पडलेले, डोळ्यांविना.

"चार वेला वाचायचां," तो मला म्हणाला. "चुकलां की परत पयल्यापासून."

"कशासाठी?"

त्याने बायकोकडे, जनीकडे पाहिलं. ती छबीला, तीन वर्षांच्या मुलीला, घेऊन अंगणात गेली. मग तो हळूच म्हणाला, "सुरी हातात घेतली का इचार येतो. पोरीला मारीन म्हणून. माझी पोर आहं ती, ताय! मी तिला दोन महिनं उचलली नाय." त्याने पत्रकाच्या तळाला बोट लावलं. "तुमीच लिवलाय ना. आजचा इचार, उद्याची कृती."

एका गरीब, मायाळू माणसाच्या डोक्यातला राक्षस त्याला रोज सांगत होता, तू पोरीला मारशील. आणि मी, डोक्याची ताय, त्या राक्षसाला लेखी पाठिंबा दिला होता. नऊ उद्गारचिन्हांसह.

मी पत्रकाला हात घातला, पण तो इतका घाबरला की फाडायचा धीर झाला नाही. त्याला समजावलं की हा मंत्रचळ आहे, ज्याला पोरीला मारायचं असतं त्याला असा घाम फुटत नाही, पत्रक माझी चूक आहे, मंगळवारी जव्हारला या. तो मान हलवत राहिला. आजार ओळखल्याच्या खुशीत आणि चुकीच्या लाजेत मी निघाले. दुसरा प्रश्न विचारलाच नाही. वहीत लिहिलेला, पाठ असलेला, तो नेमका राहिला. ही खंत अजून जात नाही आणि जाऊही नये.

मंगळवारी तो आला नाही. बुधवारी सकाळी लहानू केंद्राच्या दारात येऊन म्हणाला, "ताय, नवसूनं रंगाचे ब्रश चुलतभावाला देऊन टाकलं. सोंगाचा मानपण तूच घे म्हणतो. बोहाड्याला दहा दिस राहिलंत. माला काय ह्या बरा वाटत नाय."

मलाही नाही वाटलं. आम्ही तसेच निघालो. लहानूने त्या दिवशी गाडी कशी चालवली ते आरटीओने वाचू नये.

नवसू ओट्यावर बसला होता. त्याचा बाप शेजारी पळसाच्या पानांवर डिंक वाळत घालत होता. मी खाली बसले आणि विचारलं, "नवसूभाऊ, थकलात का?"

"लय."

"मरावंसं वाटतं का?"

म्हातारा उसळला. "शुभ बोल ग बाय! घरात येऊन असा काय इचारतीस?"

"इचारू दे, बा," नवसू म्हणाला, आणि रडायला लागला. खूप वेळ रडला. मग म्हणाला, "कोनी इचारलांच नाय आतापरेंत." त्याने ठरवलं होतं. बोहाड्याच्या आधी. "राक्षसाचा सोंग मी घातला तं मी खराच राक्षस होईन. पोरीला कायतरी करीन. मी नसलो तं पोर वाचंल, सोंगपण बाटणार नाय. समद्यांचा भलां."

म्हाताऱ्याच्या हातातलं पान खाली पडलं. जनी दारातून बाहेर आली, नवऱ्यासमोर उभी राहिली आणि कडाडली, "समद्यांचा भलां? माला इचारलांस? पोरीला इचारलांस? कोन रं तू आमचा भलां ठरवनार?" मी आयुष्यात पुष्कळ सभा ऐकल्या, एवढं रोखठोक भाषण ऐकलं नाही.

मंगळवारची वाट बघायची नव्हती. त्याला एकटं न सोडता आम्ही सगळे त्याच वेळी जीपमध्ये बसलो: नवसू, जनी, छबी, म्हातारा आणि मी. वाटेत मोठा खड्डा आला, चाक आदळलं. लहानूने आरशातही पाहिलं नाही. म्हणाला, "नवसू, आता या खड्ड्यात मी तीन वर्षांमागं उतरून माणूस शोधला असता. आज पन डोक्यात म्हणतोय, उडवलांस, उडवलांस. मी म्हणतां, बरां बाबा, उडवला, बस गपचिप." नवसूने त्याच्याकडे पाहिलं. "तुलाबी येतो इचार?" "आसा येतो का, भाडंबी देत नाय." नवसू त्या आठवड्यात पहिल्यांदा हसला. मी तासभर बोलून जे जमलं नव्हतं ते एका खड्ड्याने केलं.

डॉक्टरबाईंना फोन केला, त्या वार मोडून आल्या. नवसू आठवडाभर दवाखान्यात राहिला. गोळ्या सुरू झाल्या, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात हे घरच्यांना सांगितलं, तोवर कोणी ना कोणी सोबत राहायचं ठरलं, गोळ्या जनीच्या ताब्यात. मरायचं ठरवलेलं हळूहळू सुटत गेलं. पण पोरीचा विचार येतच होता, आणि सराव करायचा होता. बोहाड्यालाही आता चार दिवस उरले होते.

नवसूच म्हणाला, "सोंग नवा करायला पायजे. जुना फुटलाय. कागद आहं का, ताय?"

कागद! माझ्या कपाटात पत्रकाच्या हजार प्रती पडून होत्या. मी गठ्ठे आणले आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही फाडायला बसलो. त्याच्यासाठी तो सराव होता, डॉक्टरबाईंच्या देखरेखीखाली. ज्या ओळी चार वेळा वाचल्याशिवाय चैन पडत नव्हतं, त्या न वाचता फाडायच्या. पहिला कागद त्याला फाडवेना. मलाही. पत्रक फाडायचं नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं. आम्ही दोघं घामाघूम होऊन एकमेकांकडे बघत होतो. जनी म्हणाली, "येड्याचा दवाखाना आहं का काय ह्यो?" आणि तिने एका दमात पन्नास प्रती टराटरा फाडल्या.

रात्री वडिलांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी पत्रक शब्दन्शब्द वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाले, "ती ओळ लोकांना उठवायला लिहिली होती. कुणाला पाडत असेल तर फाड."

त्या कागदांचा लगदा झाला, लगद्याचं सोंग. कडक उन्हात दोन दिवसांत वाळलं. डोळे नवसूने स्वतः कोरले, सुरी हातात धरून, छबी समोर बसलेली. तिला एवढंच कळत होतं की बा राक्षसाला डोळे देतोय. "मोटं कर," ती सांगत होती, "अजून मोटं कर." नवसूच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि राक्षसाचे डोळे मोठे होत होते. असा बटबटीत राक्षस आमच्या भागात दुसरा नसेल.

शेवटच्या सकाळी, उजाडताना, मी आणि लहानू गर्दीत पुढे उभे होतो. डॉक्टरबाई सुद्धा आल्या होत्या. म्हणाल्या, "सराव बघायला आले." पण चपला काढून उभ्या होत्या. सांबळ घुमला आणि नवसू आला, तोंडावर माझी हजार पत्रकं, हातात लाकडी तलवार. काय नाचला! तलवार गरगरा फिरवत तो थेट जनीसमोर आला. छबी तिच्या कडेवर होती. त्याची तलवार खाली आली, आणि राक्षसाने वाकून नाक पुढे केलं. छबीने ते दोन्ही हातांनी ओढलं.

मग देवी आली, लढाई झाली. रीतीप्रमाणे राक्षस पडला, आणि लोक उचलतील तोवर त्याने तसंच पडून राहायचं असतं. नवसू पडला तो पडूनच राहिला. जरा जास्तच वेळ. पिपाणी थांबली. मला माहीत होतं की हे सोंग आहे, तरी मी त्याच्याकडे धावायला निघाले. लहानूने माझा दंड धरला.

"ऊठ ना, बा!" छबी ओरडली. "संपला ना आता!"

राक्षसाने एका हाताने मुखवटा वर सरकवला. आत घामाने निथळणारा नवसूचा चेहरा. "उठतां ग बाय," तो म्हणाला. "दम तरी खाऊ दे." चुलतभावाने हात दिला, नवसू उठला, आणि त्याने दोन महिन्यांत पहिल्यांदा आपल्या पोरीला उचलून घेतलं.

मी जवळ जाऊन विचारलं, "आला होता का विचार?"

"नाचताना सारखा येत व्हता," तो पोरीला खांद्यावर बसवत म्हणाला. "मी म्हटलां, आलास तं नाच. माला आता सोंग सोडून जाता येत नाय."